निरुपद्रवी असल्याचा दाखला

२०१८ च्या जुलै महिन्यातली गोष्ट. जळगावच्या कोर्टाबाहेर मी तेव्हा टायपिंगचे टेबल लावत असे. प्रतिज्ञापत्रे, भाडेकरार, नावातल्या बदलाचे अर्ज, जे काम येईल ते करायचे. एके दुपारी पाऊस जरा उघडला असताना साठी ओलांडलेले एक गृहस्थ टेबलाशी आले. खांद्याला झोळी, डोक्याला भगवे फडके, सोबत नातू असावा असा एक मुलगा. पोलीस ठाण्यात द्यायला अर्ज लिहून हवा होता. "कशाबद्दल, बाबा?" मी विचारले.

"दादा, असं लिहा की आम्ही काही करत नाही."

"काही करत नाही म्हणजे?"

"म्हणजे कुणाला काही करत नाही. मागून खातो. चार दिवस पाल टाकतो, निघून जातो. असा एखादा शब्द टाका की वाचणाऱ्याला भीती वाटू नये."

त्या पंधरवड्यात असा अर्ज कोणी का मागावा, हे खानदेशात कोणाला सांगावे लागत नव्हते. मी टाइप केले, 'आम्ही निरुपद्रवी लोक आहोत.' वाचून दाखवले. बाबांनी शब्द दोनदा तोंडात घोळवला, नीट उच्चारता आला नाही, तरी पसंत पडला. मग म्हणाले, "खाली इंग्रजीतही लिहा. साहेब मोठा असेल तर?" 'हार्मलेस' हा साधा शब्द मला ठाऊक होता. पण अर्जाला वजन यावे म्हणून मी जवळच्या शब्दकोशात पाहून त्याचा थोरला भाऊ निवडला : इनॉक्युअस. त्यात 'न' दोनदा येतो, हेही तपासून घेतले. शेजारच्या टेबलावरचे एक वकील डोकावून हसले. म्हणाले, "अहो, हे विशेषण माणसाला नाही शोभत. औषधाला लावतात, प्रश्नाला लावतात, एखाद्या शेऱ्याला लावतात."

अर्ज गेला. वीस रुपये मिळाले. शब्द मात्र माझ्याकडेच राहिला. माझे शिक्षण बारावीपर्यंतचे. पुढचे जे काही आले ते रद्दीतून, वाचनालयातून आणि लोकांचे कागद टाइप करता करता. त्यामुळे एखादा शब्द चुकला असे कोणी म्हटले की मला स्वस्थ बसवत नाही. एका विशेषणामागे मी काही वर्षे हिंडलो. त्यात जे हाती लागले ते इथे मांडतो आहे.

१

इनॉक्युअस हा शब्द इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या अखेरीस लॅटिनमधून आला. लॅटिनमध्ये 'नोकेरे' म्हणजे इजा करणे. वैद्यकात सर्वत्र सांगितले जाणारे 'आधी इजा करू नका' हे लॅटिन वचनही याच क्रियापदावर उभे आहे. याच घरातले इतर इंग्रजी शब्द आपल्या ओळखीचे आहेत. निरपराध तो 'इनोसंट', विषारी वायूला लावतात तो 'नॉक्शस', आणि नगरपालिकेच्या नोटिशीत येतो तो 'न्यूसन्स', ही सगळी सख्खी-चुलत भावंडे. फरक असा की 'इनोसंट' या शब्दात नीतीचा निवाडा आहे. माणसाच्या मनात पाप नाही, असे तो म्हणतो. 'इनॉक्युअस' मनात डोकावतच नाही. या वस्तूपासून अपाय होणार नाही, एवढीच तो हमी देतो. म्हणून वकीलसाहेबांचे म्हणणे निम्मे बरोबर होते. आजच्या इंग्रजीत हे विशेषण बहुतेक करून पदार्थाला, प्रश्नाला, वाक्याला लागते. माणसाला लागले तर त्यात थोडी कीव असते. दुसरे असे की ते पुष्कळदा 'वरवर पाहता' या अर्थाच्या शब्दाचे बोट धरून येते. 'वरवर निरुपद्रवी दिसणारा प्रश्न' असे वाचले की पुढे काहीतरी भलते घडणार, हे वाचक ओळखतो. म्हणजे निर्धोकपणाची ग्वाही देणारा हा शब्द पुष्कळदा ती ग्वाही खोटी ठरण्याच्या जरा आधी वापरला जातो.

पण मला थांबवले ते वेगळ्याच गोष्टीने. मूळ लॅटिन 'इनॉक्युउस' या शब्दाला दोन अर्थ होते. एक, इजा न करणारा. दुसरा, इजा न झालेला, सुखरूप. किनाऱ्याला धडपणे लागलेल्या जहाजांनाही लॅटिन कवी हाच शब्द लावत. इंग्रजीच्या चालू वापरात पहिला अर्थ राहिला, दुसरा गळून पडला.

याच कुळातल्या आणखी एका शब्दाचे उलटे झाले. 'ऑब्नॉक्शस' म्हणजे आज इंग्रजीत किळसवाणा, नकोसा माणूस. पण मुळात त्याचा अर्थ होता, ज्याला इजा पोहोचू शकते असा. उघड्यावर पडलेला, दुसऱ्याच्या सत्तेखाली असलेला. सतराव्या शतकात तो हळूहळू 'इजा करणारा', 'त्रासदायक' या अर्थाकडे सरकला. ज्याला मार बसू शकतो तो माणूस कालांतराने ज्याचा त्रास होतो तो माणूस झाला. शब्दकोशातली ही दोन ओळींची नोंद वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

२

मग मराठीकडे वळलो. शब्दांची मुळे खणण्याची गोष्ट धुळ्यात करायची म्हणजे इतिहासाचार्य राजवाड्यांचे नाव घ्यावेच लागते. त्यांचे निधन १९२६ च्या ३१ डिसेंबरला धुळ्यातच झाले आणि त्यांचा धातुकोश त्यांच्या पश्चात इथल्याच राजवाडे संशोधन मंडळाने प्रसिद्ध केला. धातूपर्यंत खाली उतरल्याशिवाय शब्दाचे खरे वय कळत नाही, ही सवय माझ्यासारख्या हौशी माणसाला लागली ती त्यांच्यामुळे.

निरुपद्रवी. निर् अधिक उपद्रव. उपद्रवात 'द्रु' हा धातू आहे, धावणे या अर्थाचा. उप-द्रव म्हणजे जवळ धावून येणे. आपल्या बोलीत, अंगावर धावून येणे. आयुर्वेदात मूळ रोगाच्या पाठोपाठ जो दुसरा विकार उद्भवतो त्याला उपद्रव म्हणतात. तापातून उठता उठता दुसरेच काही मागे लागावे, तसे. तेव्हा निरुपद्रवी तो, जो अंगावर धावून येत नाही.

आणि इथेही लॅटिनसारखेच निघाले. संस्कृत 'निरुपद्रव' या शब्दाला दोन बाजू आहेत. ज्याच्यापासून उपद्रव नाही तो, आणि ज्याला कसला उपद्रव नाही तो. म्हणजे निर्विघ्न, सुरक्षित. दोन भाषा, हजारो कोसांचे अंतर, तरी दोघींनी एकाच शब्दात दोन्ही गोष्टी बांधल्या होत्या. तू कुणाला दुखवू नकोस आणि तुला कुणी दुखवू नये. मराठीने 'निरुपद्रवी' करताना पहिली बाजू उचलली. कोणाचा प्रवास निरुपद्रव झाला, असे आज कोणी म्हणत नाही.

रोजच्या बोलण्यात हा शब्द कसा येतो तेही पाहा. 'तो आपला निरुपद्रवी माणूस आहे' असे म्हणताना आपण त्याची स्तुती करत नाही. त्याची दखल घ्यायचे कारण नाही, एवढेच सुचवतो. आपल्याकडे 'गरीब' या शब्दाचेही तेच. 'गाय गरीब आहे' म्हणजे ती मारकी नाही. पैसा नसणे आणि शिंग न उगारणे या दोहोंना आपण एकच शब्द देऊन टाकला. उलट राजकारणात 'उपद्रवमूल्य' हा शब्द किती मानाने वावरतो! इंग्रजी 'न्यूसन्स व्हॅल्यू'चा तो मराठी अवतार, आणि न्यूसन्स पुन्हा त्याच लॅटिन मुळाचा. ज्याला उपद्रवमूल्य आहे त्याच्या घरी पुढारी चहाला जातो. निरुपद्रवी माणसाचे मूल्य किती, हे सांगणारा शब्द मात्र भाषेने तयार केलेला नाही.

शेतकरी वाचकांना आणखी एक दाखला पटेल. कापूस आणि केळी पिकवणाऱ्या आमच्या मुलखात कीटकनाशकाचा डबा घरोघरी असतो. त्यावरच्या चौकोनाचा खालचा अर्धा भाग रंगीत असतो. लाल म्हणजे अतितीव्र विषारी, मग पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. पुष्कळांना वाटते, हिरवा म्हणजे निर्धोक. तसे नाही. हिरवा म्हणजे कमी विषारी. निरुपद्रवी असा रंगच त्या यादीत नाही. मोजणाऱ्याने मोजपट्टीच विषाची घेतली, की सगळ्या गोष्टी कमीअधिक विषारी ठरतात. हे डब्याच्या बाबतीत योग्यच आहे. माणसांच्या बाबतीत हीच पट्टी कोणी लावली होती का, हे शोधायला मला खानदेशाच्या जुन्या कागदांकडे जावे लागले.

३

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज हे इथले पहिले मोठे अधिकारी. धुळे हे मुख्य ठाणे त्यांच्याच काळात झाले. त्याआधीच्या दोन दशकांत होळकरांच्या स्वाऱ्या आणि १८०३-०४ चा दुष्काळ यांनी मुलूख उजाड केला होता. डोंगराच्या कडेला राहणारे भिल्ल हे गावांचे जागले आणि घाटांचे राखणदार होते. राखणीचा मोबदला बुडाला, गावेच ओस पडली, आणि राखणदाराचा लुटारू झाला. नव्या सरकारच्या दप्तरात त्याची नोंद झाली ती या दुसऱ्या रूपात.

१८२५ मध्ये धोरण बदलले. लेफ्टनंट जेम्स औट्रम यांनी भिल्लांचीच पलटण उभी केली. तिचे ठाणे धरणगाव, आजच्या जळगाव जिल्ह्यातले. कालपर्यंत ज्यांच्यामागे फौजा पाठवल्या त्यांना गणवेश आणि पगार मिळाला, आणि कागदोपत्री ते विश्वासू झाले. रक्त तेच, डोंगर तेच; बदलला तो पगार, आणि पगाराबरोबर विशेषण.

एकाच माणसाच्या आयुष्यात विशेषणे किती वेळा फिरू शकतात याचे उदाहरण म्हणजे खाज्या नाईक. सेंधवा घाटाची राखण करणारा, कंपनी सरकारच्या चाकरीतला माणूस. पकडलेल्या एका माणसाच्या मृत्यूबद्दल त्याला तुरुंगात जावे लागले. १८५७ मध्ये सरकारला घाट सांभाळणाऱ्याची गरज पडली तेव्हा त्याला पुन्हा चाकरीत घेतले. त्याच वर्षी तो बंडात उतरला आणि १८५८ च्या एप्रिलमध्ये अंबापाणीला इंग्रजी फौजेशी त्याच्या माणसांची मोठी लढाई झाली. विश्वासू, गुन्हेगार, उपयोगी, बंडखोर. यातला एकही शब्द त्याने स्वतःसाठी निवडलेला नव्हता.

१८८० मध्ये जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेशावरचा बारावा खंड निघाला. अफाट मेहनतीचे काम आहे ते; पिके, बाजार, नद्या, घाट यांसाठी मी आजही त्याच्याकडेच जातो. पण त्यातले लोकसंख्येचे प्रकरण वाचताना एक लय जाणवते. एकेक जात येते. तिचा वर्ण, पोशाख, घर, अन्न आणि मग स्वभावाची दोन-चार विशेषणे. कोणी कष्टाळू, कोणी काटकसरी, कोणी व्यसनी, कोणी शांत आणि निरुपद्रवी. हजारो माणसांच्या स्वभावाचा हिशेब अर्ध्या ओळीत. चांगली विशेषणे मिळालेल्यांना यात काही खटकत नाही. मलाही बरीच वर्षे खटकले नव्हते. माझ्या जातीपुढचे शब्द बरे होते.

मग ध्यानात आले की निरुपद्रवी हे वर्णन नाही, तो शेरा आहे. तो देणारा एक असतो आणि मिळवणारा दुसरा. कलेक्टरला कोणी निरुपद्रवी म्हटल्याचे मला कुठे आढळले नाही. ज्याच्याकडून उपद्रवाची शंका आधीच धरलेली आहे, त्यालाच हा शब्द लागतो. निर्दोष सुटलेल्या माणसाच्या अंगाला जसा खटल्याचा वास राहतो, तसा निरुपद्रवी या शब्दाच्या पोटात उपद्रव शिल्लक राहतो.

या शेऱ्याची दुसरी बाजू कायद्यात उतरली. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. १९११ च्या सुधारित कायद्याने तो मुंबई इलाख्यासह सर्व ब्रिटिश मुलखाला लावता येऊ लागला. एखादी जमात गुन्हेगार ठरवली की तिच्या माणसांची नोंदणी, पोलिसांकडे हजेरी, गाव सोडायला परवाना. मी त्या कायद्याचा मूळ मसुदा मिळवून वाचला. त्यात एक कलम असे आहे की जमात ठरवणारी अधिसूचना योग्य की अयोग्य, हा प्रश्न कोणत्याही न्यायालयाला विचारता येणार नाही. कोर्टाच्या दारात पोट भरणाऱ्या माणसाला या कलमाचा अर्थ लगेच कळतो. एकट्या माणसाने मी निरुपद्रवी आहे असे सिद्ध करायचे ठरवले, तरी ते ऐकायला टेबलच नव्हते. मुंबई राज्यात हा कायदा १९४९ मध्ये आणि देशभर १९५२ च्या ३१ ऑगस्टला गेला. नोंदवह्या बंद झाल्या. अनोळखी झोळीवाला दिसला की मनात जी नोंदवही उघडते, ती कोणत्या तारखेला बंद झाली हे गॅझेटात छापलेले नाही.

४

आता १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातला साक्री तालुका, राईनपाडा. रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे गावात आली. बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडची. भिक्षा मागत वर्षाचा काही काळ फिरणारी. त्यांतल्या एकाने एका लहान मुलीशी बोलण्याचा प्रयत्न केला, असे तेव्हाच्या बातम्यांत आले. लहान मुलाशी दोन शब्द बोलणे याहून निरुपद्रवी गोष्ट दुसरी कोणती असेल? पण त्या दिवसांत मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा मोबाईलवरून गावोगाव पोहोचल्या होत्या. जमाव जमला. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मारले गेले. पाचही जण मेले.

त्या काळात देशभर फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एकीची कथा इथे सांगितलीच पाहिजे, कारण ती आपल्या विशेषणाचीच कथा आहे. दुचाकीवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणारे मूल उचलून नेतात, असे तीत दिसे. ती मुळात कराचीत बनवलेली जनजागृतीची फीत होती. तिच्या शेवटी ते मूल परत आणून सोडतात आणि मुले पळवणे किती सोपे आहे, लक्ष ठेवा, असा फलक दाखवतात. तो शेवट कोणीतरी कापला. पूर्ण फीत निरुपद्रवी होती, उपकारकच होती. कापलेली फीत माणसे मारू लागली. खोटे काहीच जोडले नव्हते, फक्त खरे काढून टाकले होते.

राईनपाड्यानंतर हालचाल झाली. केंद्र सरकारने व्हॉट्सअ‍ॅपला लिहिले, त्या कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणण्याचे जाहीर केले, आणि १७ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळींबाबत राज्यांना निर्देश दिले. त्याच १ जुलैच्या रात्री मालेगावातही असाच जमाव काही परक्यांभोवती जमला होता. तिथे पोलिसांनी त्यांना बाहेर काढले, ते वाचले. म्हणजे वाचवता येत होते.

राईनपाडा ही आदिवासी वस्ती आहे, आणि हे लिहिताना माझा हात अडखळतो. ज्यांच्या पूर्वजांना दीडशे-दोनशे वर्षे कोणीतरी धोकादायक म्हणून नोंदवले, त्यांच्या गावात भटक्यांचा धोका वाटावा. पण हे त्या एका गावाचे पाप म्हणून बाजूला सारता येत नाही. त्या आठवड्यात जळगावात आमच्या गल्लीतही दारावर आलेल्या एका नंदीवाल्याला लोकांनी हटकले होते, आधार कार्ड मागितले होते. मागणाऱ्यांत मी होतो. त्याने कार्ड दाखवले. मी ते उलटसुलट करून पाहिले. काय शोधत होतो ते आजही सांगता येत नाही. कार्डावर नाव असते, गाव असते. निरुपद्रवी आहे असे कुठे छापलेले नसते.

उपद्रव म्हणजे अंगावर धावून येणे. राईनपाड्यात धावून कोण आले, याचे उत्तर धातूपर्यंत खणूनही बदलत नाही.

५

आता पुन्हा त्या अर्जाकडे. तो लिहिताना मी चांगले काम करतो आहे असेच मला वाटत होते. शब्द भारदस्त होता, दोन भाषांत होता, 'न' दोनदा होता. वकीलसाहेबांना तो माणसाला शोभत नाही असे वाटले. माझी चूक तिथे नव्हती. मी त्या बाबांना अशी गोष्ट सिद्ध करायला लावली जी आपल्यापैकी कोणीच कधी सिद्ध करत नाही. मी अनोळखी गावात उतरतो, हॉटेलात चहा पितो, शेजारच्या बाकावरच्या पोराला नाव विचारतो. मी निरुपद्रवी आहे असा कागद माझ्या खिशात नसतो.

त्यांना तो शब्द हवा होता, यात शंका नाही. पण त्याचा हरवलेला दुसरा अर्थ हवा होता. इजा न करणारा हा नव्हे. इजा न झालेला, ज्याला उपद्रव नाही असा. चार दिवस पाल टाकावे, मागून खावे आणि धडपणे निघून जावे, किनाऱ्याला लागलेल्या जहाजासारखे. लॅटिनला आणि संस्कृतला तो अर्थ ठाऊक होता. टाइप करणाऱ्याला ठाऊक नव्हता.

टेबल मी नंतर बंद केले; आता घरीच कामे घेतो. भटक्या कुटुंबांचे अर्ज अजून कधीमधी येतात. त्यात आता मी ते विशेषण घालत नाही. नाव, मूळ गाव, किती माणसे, किती मुले, कुठे मुक्काम, किती दिवस, एवढे लिहितो. आणि शेवटच्या ओळीत, 'मुक्कामाच्या काळात आम्हांला संरक्षण मिळावे.' गेल्या खेपेला एका बाईने ही ओळ पुन्हा वाचून दाखवायला सांगितली. म्हणाली, "भाऊ, आपण मागायचं? द्यायचं नाही काही?"

मी म्हटले, "नाही ताई. यात आपण मागायचं."